तळहातावरची दीर्घिका

“पण बाई, आपलं चुकलं, असं सांगणाऱ्या प्रबंधावर माणसानं आपणच सही करायची?”

“कुणाचं चुकलं?”

“माझं. म्हणजे... ती म्हणते तसं असेल तर.”

“ती कोण?”

“माझी विद्यार्थिनी.”

कुमुदबाई राजाध्यक्ष खुर्चीत मागे टेकल्या. वय पंच्याऐंशीच्या घरात. डोळ्यांना आता उजेड कळायचा, माणसांचे आकार कळायचे, चेहरे नाही. कान मात्र शाबूत होते.

बाईंचं सगळं आयुष्य दीर्घिकांच्या अभ्यासात गेलं. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची अफाट वस्ती. आपला सूर्य ज्या वस्तीत आहे तिला आपण आकाशगंगा म्हणतो. तशा वस्त्या अब्जावधी आहेत. त्या मुळात झाल्या कशा, वाढल्या कशा, हा बाईंचा जन्मभराचा प्रश्न. नोकरी संपली तशा त्या आजऱ्याच्या अलीकडे, हिरण्यकेशीच्या काठी एका कौलारू घरात येऊन राहिल्या. दोन खोल्या, एक पडवी, बसायला एक वेताची खुर्ची.

विश्राम सरनोबत हा त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. आता तो स्वतः नावाजलेला प्राध्यापक होता. साठीला टेकलेला. परिषदांमध्ये त्याचं भाषण मुद्दाम शेवटी ठेवत, म्हणजे लोक उठून जात नसत.

गोव्याला अशीच एक परिषद होती. वाटेत त्यानं गाडी नदीकडे वळवायला लावली होती.

“काय म्हणते ती?” बाईंनी विचारलं.

“ती म्हणते, विश्व अगदी लहान होतं तेव्हाच नीटनेटक्या, फिरत्या, तबकडीसारख्या दीर्घिका होत्या. एखाददुसरी नाही. बऱ्याच.”

“आणि तू काय म्हणतोस?”

“मी आयुष्यभर म्हणत आलो तेच. आधी लहान लहान पुंजके. ते एकमेकांवर आदळतात, एकमेकांत मिसळतात. त्या धुमश्चक्रीतून मोठी दीर्घिका होते. नीटनेटकेपणा शेवटी येतो बाई. सुरुवातीला नाही.”

“हं.”

“माझी सगळी गणितं त्यावर उभी आहेत. माझे विद्यार्थी त्यावर उभे आहेत. जगभर शिकवतात ते.”

“आणि ह्या पोरीला काय सांगितलंस?”

“पुन्हा तपास म्हणून सांगितलं.”

“कधी?”

“झालं... वर्ष होत आलं.”

काजू मोहोरला होता. वाऱ्याची झुळूक आली की पडवीभर त्याचा वास पसरायचा.

विश्राम कठड्यावर बसला होता. तो उठून उभा राहिला. पुन्हा बसला.

“तुम्हालाच विचारायला आलो, कारण तुमच्यावर हे येऊन गेलंय. मीच आणलं होतं.”

खरं होतं ते. बाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या आणि त्यांचं म्हणणं सगळीकडे मानलं जायचं. वायूचा एक प्रचंड ढग स्वतःच्याच भाराखाली कोसळतो, आणि दीर्घिका एका दमात जन्माला येते, असं ते म्हणणं. त्यांच्याच हाताखालच्या ह्या पोरानं आपल्या प्रबंधात ते खोडून काढलं. बाईंनी तो प्रबंध मंजूर केला आणि पुढे पाठवला. संस्थेत पुष्कळ दिवस त्याची चर्चा चालली होती.

“सही कशी केलीत तुम्ही?”

“पेन होतं हातात.”

“बाई, चेष्टा नको.”

“मग काय सांगू? वाचला, पटला, सही केली.”

“इतकं सोपं?”

“सोपं कुठे म्हटलं मी?”

विश्राम एकदम पुढे झुकला. त्याच्या आवाजात जरा उत्साह आला होता.

“बाई, आणखी एक आहे. खरं म्हणजे तेच सांगायचं होतं. तिचं खरं निघालं ना, तर तुमचंच बरोबर होतं असं होतं. लवकर, एका दमात, नीटनेटकी... तुम्ही हेच म्हणत होता. मी उद्या गोव्यात उभं राहून सांगतो. माझ्या बाईंचं बरोबर होतं. मी चुकलो. जाहीर सांगतो.”

बाईंनी मान त्याच्याकडे वळवली. दिसत नव्हतं तरी बघितल्यासारखं केलं.

“म्हणजे हरायचंच असलं तर माझ्याकडून हरायचंय तुला.”

“तसं नाही...”

“तिच्याकडून नाही.”

...

अंगणात कुणीतरी खोकलं. चपलांचा आवाज आला, थांबला.

“बाहेर कोण आहे?”

“तीच. तबस्सुम. पुण्यापासून गाडी तिनंच चालवली.”

“आणि आत नाही आणलंस?”

“म्हटलं, आधी आपलं बोलणं होऊ दे.”

“कुणाविषयी?”

त्यानं अंगणाकडे पाहिलं.

“हाक मार तिला,” बाई म्हणाल्या.

ती आली. तिशीची असेल. ओढणी खांद्यावर आवळून घेतलेली, पावलं नदीच्या वाळूनं भरलेली. पायरीशी तिनं चपला काढल्या आणि पाय झटकले.

“नमस्कार बाई. मी तबस्सुम मुजावर.”

“कुठली गं?”

“मिरजेची.”

“नदीवर गेली होतीस?”

“हो. पाणी फार स्वच्छ आहे.”

“वाळूत बसलीस का नुसतीच उभी राहिलीस?”

तबस्सुमला ह्या प्रश्नाचं नवल वाटलं. “बसले,” ती म्हणाली.

“बरं केलंस. सर म्हणतात, तू काहीतरी शोधलंयस.”

तिनं चटकन सरांकडे पाहिलं. सर अंगणाकडे बघत होते.

“शोधलं म्हणजे... सर पुन्हा तपास म्हणालेत.”

बाई खुर्चीतून उठल्या. विश्राम आधार द्यायला धावला. त्यांनी हातानंच त्याला थांबवलं. मग खांब धरून, एक गुडघा टेकून, मग दुसरा, अशा सावकाश त्या खाली चटईवर बसल्या.

“तू खुर्चीत बस,” त्या तबस्सुमला म्हणाल्या.

“अहो बाई, नको. मी खाली बसते ना.”

“शिकवणारा वर बसतो.”

“मी काय शिकवणार तुम्हाला!”

“दीर्घिका कशी होते ते. मला काही माहीत नाही असं धर आणि पहिल्यापासून सांग.”

“बाई,” विश्राम म्हणाला, “मी थोडक्यात सांगतो ना. तिचा मुद्दा असा की...”

“विश्राम, वर्ग चालू असताना उभं राहू नये.”

तो उभाच होता हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं. पडवीत दुसरी खुर्ची नव्हती. कठडा तबस्सुमच्या पाठीमागे आला होता. तो बाईंच्या शेजारी, चटईवर बसला. त्याचे गुडघे वाजले.

तबस्सुम खुर्चीच्या अगदी कडेला टेकली होती. तिनं घसा साफ केला आणि परिषदेत सांगतात तशी सुरुवात केली. वस्तुमान, वितरण, आलेखाचा उतार...

“असं नको,” बाई म्हणाल्या. “आलेख मला दिसायचे नाहीत. दाखवता येईल असं सांग.”

“काय दाखवू?”

बाईंनी दोन्ही हात पुढे केले. “हे आहेत.”

खुर्चीतून वाकून तबस्सुमनं बाईंचा उजवा हात आपल्या हातात घेतला.

“सुरुवातीला सगळीकडे जवळजवळ सारखंच होतं बाई. वायू होता. आणि त्याच्या पाचपट तरी असं काहीतरी, जे दिसत नाही. कृष्णद्रव्य म्हणतात त्याला. ते काय आहे ते कुणालाच माहीत नाही.”

“अजून नाही?”

“अजून नाही.”

“बरं वाटलं ऐकून. पुढे.”

“जिथे ते जरासं जास्त होतं तिथे ओढही जास्त. म्हणून तिथे आणखी आलं. आणखी आलं म्हणून ओढ आणखी वाढली. असे खळगे पडत गेले.” तिनं बाईंच्या हाताची ओंजळ केली. “हा खळगा. आता वायू ह्यात ओघळतो.”

तिची बोटं बाईंच्या मनगटावरून तळहातात उतरली.

“पण तो नेमका मध्यावर पडत नाही. जरा बाजूनं येतो. म्हणून आत येता येता फिरायला लागतो.” बोटानं तिनं तळहातावर एक फेर काढला, मग त्याच्या आत लहान, मग आणखी लहान. “जितका आत येतो तितकं फिरणं जोरात. दाटतो, थंड होतो, आणि मग तारे पेटतात.”

बाईंनी डोळे मिटले होते.

“हे पाहिलं कुणी?”

“कुणीच नाही.”

“मग?”

“एका दीर्घिकेचं आयुष्य कुणालाच पाहता येत नाही बाई. तेवढा वेळ कुणाकडे आहे? पण लांबून येणारा प्रकाश फार पूर्वी निघालेला असतो. जितकं लांब पाहावं तितकं मागचं दिसतं. खूप लांबच्या दीर्घिका लहानपणीच्या दिसतात, जवळच्या म्हातारपणीच्या. वेगवेगळ्या दीर्घिकांची चित्रं ओळीनं लावायची आणि एकीचं आयुष्य जुळवायचं.”

“म्हणजे गावात एकाचं बारसं बघायचं, दुसऱ्याचं लग्न, तिसऱ्याची साठी, आणि म्हणायचं माणसाचं आयुष्य हे असं.”

“अगदी तसंच.”

“मग चुकणारच.”

“चुकणारच.” तबस्सुम हसली. ती आता खुर्चीत नीट बसली होती. “मी ज्यांच्यावर काम केलं ना, त्यांचा प्रकाश विश्वाचं वय आजच्या दहाव्या हिश्श्याइतकं होतं तेव्हा निघालाय. त्या वेळी सगळा गोंधळच असायला हवा होता. पुंजके, आदळआपट. पण त्यातल्या कितीतरी फिरताना दिसतात. शांतपणे. एक बाजू आपल्याकडे येतेय, एक लांब जातेय.”

“थांब,” विश्राम म्हणाला.

इतका वेळ त्यानं दम धरला होता.

“दोन वेगळे पुंजके एकमेकांजवळून जात असले तरी तसंच दिसतं. एक आपल्याकडे येतो, एक लांब जातो. त्याला तू फिरणं म्हणतेस. मी वर्षभर हेच सांगतोय तुला.”

प्रश्न रास्त होता. बाईंनीही मान डोलावली.

“दाखव मला,” त्या तबस्सुमला म्हणाल्या.

तबस्सुमनं बाईंचे दोन्ही हात घेतले. एक स्वतःकडे ओढला, दुसरा मागे ढकलला.

“सर म्हणतात ते हे. दोन हात. एक येतो, एक जातो. लांबून बघणाऱ्याला फिरणंच वाटेल.” मग डावा हात सोडून तिनं उजव्या तळहातावर पुन्हा फेर काढला. “आणि हे खरं फिरणं. फरक मध्ये आहे बाई. दोन असतील तर मध्ये कुठेतरी खंड पडतो, वेग एकदम तुटतो. एकच असेल तर वेग ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग बदलत जातो. न तुटता.”

“आणि तो मध्य तुला दिसला?”

“पहिल्या निरीक्षणांत नाही दिसला. चित्र फार धूसर होतं. म्हणून मी मोठ्या दुर्बिणीवर पुन्हा वेळ मागून घेतला. त्यात स्पष्ट दिसला. काही ठिकाणी सरांचं खरं निघालं, तिथे खरंच दोन वेगळे पुंजके होते. ते मी वगळले. उरलेल्यांत वेग सलग आहे.”

“हे तू मला कधी सांगितलं नाहीस,” विश्राम म्हणाला.

“प्रबंधात आहे सर. तिसऱ्या प्रकरणात.”

“कधी घातलंस?”

“पहिल्यापासून आहे.”

...

नदीकडे कुणी कपडे धूत होतं. आपटण्याचा आवाज यायचा आणि जरा वेळानं पलीकडच्या काठावरून परत यायचा.

“विश्राम,” बाई म्हणाल्या. “तू वाचलंस ते?”

तो चटईची कड बोटानं उचकटत होता.

“दुसऱ्या प्रकरणापर्यंत वाचलं.”

“आणि पुढे?”

“पुढे... वाचवेना.”

तबस्सुमनं खाली पाहिलं. बाईंचा हात अजून तिच्या हातातच होता. तिनं तो हळूच त्यांच्या मांडीवर ठेवला.

“वर्षभर तू काय केलंस?” बाईंनी तिला विचारलं.

“तपासत राहिले.”

“तेच तेच?”

“हो. दर वेळी तेच यायचं. मधल्या मधे शिष्यवृत्ती संपली, मग शिकवण्या घेतल्या. बंगळूरला एक जागा मिळतेय, पण प्रबंध गेल्याशिवाय ते घेणार नाहीत. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. ते मला सापडत नाहीये. सर उगाच नाही सांगणार.”

हे तिनं तक्रारीनं म्हटलं नव्हतं. विश्रामला ते तक्रारीपेक्षा जास्त लागलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, आणि तो हातातच ठेवला.

बाईंनी तबस्सुमकडे तोंड केलं.

“सर तुझे म्हणतात, माझं बरोबर होतं. मी काय म्हणत होते ते माहीत आहे तुला?”

“माहीत आहे बाई. तुमचे सगळे लेख वाचलेत मी.”

“मग सांग. बरोबर होतं का?”

तबस्सुमनं पुन्हा सरांकडे पाहिलं.

“सांग,” विश्राम म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला होता. “सांग तू. बाईंना ऐकू दे.”

ह्या वयात, ह्या घरात, बाईंना एवढं एक वाक्य ऐकवायलाच आपण आलो होतो असं त्याला त्या क्षणी मनापासून वाटत होतं.

तबस्सुमनं ओठ मिटले. मग म्हणाली, “नाही बाई.”

“तबस्सुम!” विश्राम म्हणाला.

“बोलू दे तिला.”

“लवकर होतात हे तुमचं खरं निघालं. पण तुमच्याकडे ढग एकदा कोसळतो आणि काम संपतं. तसं होत नाही. वायू येतच राहतो. आज थोडा, उद्या थोडा, कितीतरी काळ. दीर्घिका एका दमात होत नाही. ती होतच असते.” तिनं ओढणी सावरली. “म्हणजे... मुळात जे तुम्ही मांडलं होतं, ते चुकलं होतं.”

“म्हणजे मी चुकले.”

“हो बाई.”

बाईंच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. हळूहळू, गालांवरून डोळ्यांपर्यंत. त्यांनी चाचपत तबस्सुमचा हात शोधला आणि थोपटला.

“आणि हा?” त्यांनी विश्रामच्या बाजूला मान हलवली.

“सरांचं खोटं नाही. माझं चौथं प्रकरण सगळं सरांवरच उभं आहे. पुढे दीर्घिका एकमेकींत मिसळतातच. त्या मोठ्या, गोल, तांबूस दीर्घिका असतात ना, त्या तशाच होतात. फक्त सरांनी जे सुरुवातीला ठेवलंय ते बरंच नंतरचं आहे.”

विश्रामनं मान वर केली. चौथ्या प्रकरणाबद्दलही तो पहिल्यांदाच ऐकत होता.

“आणि तू?” बाईंनी विचारलं. “तुझं कुठे चुकलंय?”

ह्या एकाच प्रश्नाला तबस्सुम अडखळली.

“मला... दिसत नाही अजून.”

“तुला दिसायचं नाहीच. ते दाखवायला कुणीतरी येईल.”

“कधी?”

“घाई कसली आहे? म्हातारपणाचं सांग आता. ते राहिलं.”

“कुणाच्या?”

“दीर्घिकेच्या गं. माझ्या म्हातारपणाचं मला माहीत आहे.”

तबस्सुम हसली. विश्रामही, नकळत.

“कधी बाहेरून वायू यायचा थांबतो,” ती सांगू लागली. “कधी मधल्या कृष्णविवराच्या झोतांनी तो इतका तापतो की आत उतरतच नाही. मग नवे तारे पेटत नाहीत. मोठे निळे तारे लवकर जळून जातात. लहान तांबडे उरतात. ते फार हळू जळतात. इतके हळू, की त्यांच्यातला सगळ्यात लहान अजून एकही विझलेला नाही.”

“एकही नाही?”

“नाही. विश्वाला तेवढी वर्षंच झालेली नाहीत.”

“म्हणजे दीर्घिका मरत नाही.”

“नाही. नवं काही होत नाही, इतकंच.”

ऊन पडवीच्या कडेवरून आत येऊन त्यांच्या पायांवर पडलं होतं.

“आणि आपली?”

“आपल्या आकाशगंगेत अजून तारे होतात. वर्षाला एखाददोन सूर्यांइतके. तेही फार झालं. बाहेरून वायू अजून येतोय.”

“येऊ दे,” बाई म्हणाल्या.

“तबस्सुम,” विश्राम म्हणाला. तो चटईवरूनच बोलत होता. “तो वायू इतका शांतपणे आत येतो कसा? माझ्या गणितात तो वाटेतच तापतो. तापला की पसरतो. तबकडी व्हायला वेळच मिळत नाही.”

आधीच्या प्रश्नांत त्याचं उत्तर आधीच बसलेलं असायचं. ह्या प्रश्नात नव्हतं. तबस्सुमलाही ते कळलं असावं, कारण ती एकदम पुढे सरकली.

“सगळीकडून येत नाही सर. अरुंद धारांनी येतो. धार दाट असते, म्हणून आतपर्यंत थंड राहते.”

“किती अरुंद?”

“तेच तर मला नीट काढता आलं नाही. तिथे मला तुमची मदत हवी होती.”

“कधी हवी होती?”

“वर्षभर.”

त्यानं मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवली.

मग ती दोघं बोलत राहिली. तबस्सुम केव्हा खुर्चीतून उतरून चटईवर आली ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. विश्रामनं खिशातलं पेन काढलं, कागद सापडेना, तेव्हा फरशीवरच धारा काढायला लागला. ती त्याचं पेन अडवून म्हणायची, इथे नाही सर, इथे. तो म्हणायचा, बरं, मग तिथे धर. बाई खांबाला टेकून ऐकत होत्या. मधून मधून त्या हं म्हणत. त्यांना सगळं कळत होतं की नाही, सांगता येत नाही. गणित आता पुष्कळ पुढे गेलं होतं.

ऊन त्यांच्या पायांवरून सरकून भिंतीवर गेलं.

“निघायला हवं,” शेवटी विश्रामच म्हणाला. “पुढे घाट आहे.” मग तबस्सुमकडे न बघता, “आज मुक्कामाला पोचलो की वाचायला बसतो. उरलेली सगळी प्रकरणं. आणि ह्याच आठवड्यात प्रबंध पुढे पाठवतो.”

“आधी वाचा सर,” तबस्सुम म्हणाली. “चूक असली तर सांगा.”

“असली तर सांगेन.”

“नक्की?”

“नक्की.”

दोघांनी मिळून बाईंना उठवलं आणि खुर्चीत बसवलं. विश्रामनं वाकून नमस्कार केला. तबस्सुमनं बाईंचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले, काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, आणि न बोलताच ती गाडी वळवायला अंगणात उतरली.

विश्राम पायरीशी घोटाळला.

“बाई.”

“हं.”

“मी तुमचं खोडून काढलं तेव्हा... तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

“असं कोण म्हणतं?”

“मला तसंच वाटत आलं. इतकी वर्षं. त्या दिवशी तुम्ही सगळ्या विभागाला पेढे वाटले होते.”

“वाटले.”

“मग?”

“मी खाल्ला नाही.”

तो पायरीवर बसला.

“अन्न जाईना मला विश्राम. तुझं नाव कुणी काढलं की मी उठून जायचे. अंथरुणावर पडल्या पडल्या तुझ्या गणितात चूक शोधायचे.”

“सापडली?”

“नाही ना.”

अंगणात गाडी वळत होती. चाकांखाली खडी करकरली.

“मला कधी कळलंच नाही,” विश्राम म्हणाला.

“तुला कळायचं काही कारण नव्हतं.”

“मग... कशा सुटलात त्यातून?”

बाई आठवू लागल्या. बराच वेळ. तबस्सुमनं गाडी फाटकाशी आणून उभी केली, काच खाली केली, आणि दोघं बसलेली बघून तिनं हॉर्न न वाजवता इंजिन बंद केलं.

...

“एके दिवशी भूक लागली,” बाई म्हणाल्या.